पायाचा दोष

किल्ली फिरवण्याआधीच पेट्रोलचा वास आला. इलोनानं कोबीचे दोन गड्डे, दूध आणि व्हर्नच्या गोळ्यांची पुडी मागच्या सीटवर टाकली, पुढं येऊन बसली, दार ओढलं, आणि हात किल्लीकडे जातो न जातो तोच तो वास नाकात चढला. गोडसर, जड, घशाच्या मागे चिकटून राहणारा. शेजारी व्हर्न नुकतंच ऑपरेशन झालेला गुडघा जमेल तेवढा लांब करून बसला होता. त्याला चालवत नव्हतं म्हणून तो गाडीतच थांबला होता, आणि तिला दुकानात जेमतेम पंधरा मिनिटं लागली होती. तिनं किल्ली फिरवली. स्टार्टर गरगरला, इंजिन एकदा ठसकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. नुसतं गरगर. शेजारच्या ट्रकमध्ये सामान चढवणारा एक माणूस वळून म्हणाला, "मदत हवी का, बाई?" ती काही बोलणार तेवढ्यात व्हर्ननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काही नाही हो. बायकोनं बुडवली. पेडलवर पाय मारत बसते. अठरा वर्षं झाली सांगतोय, इंजिन पेट्रोलनं बुडतं, पाय मारू नकोस. ऐकते कुठं." तो माणूस हसला. अगदी समजूतदारपणे हसला, जणू त्याच्याही घरी असाच एक पाय होता. इलोनानं खाली बघितलं. तिचा उजवा पाय पेडलवर नव्हता. तो रबरी चटईवर होता, पेडलपासून चांगला वीतभर अलीकडं, तपकिरी बुटात, निवांत. ती त्या पायाकडे बघतच राहिली. कुणा दुसऱ्याचा पाय आपल्या गाडीत आलेला असावा तशी.

व्हर्ननं सांगितलं तसं तिनं पेडल तळापर्यंत दाबून धरलं, स्टार्टर फिरवत राहिली, आणि पाच-सहा मिनिटांनी काळ्या धुराचा लोट सोडून गाडी सुरू झाली. "बघ," व्हर्न म्हणाला, "सांगितलं तसं केलंस की होते." टोलीडोच्या त्या रस्त्यांवरून तिनं गेली अठरा वर्षं हीच गाडी चालवली होती, हिरवी, लांबलचक, बोटीसारखी वळणारी, आणि त्या अठरा वर्षांत किती वेळा हे वाक्य ऐकलं असेल याची मोजदाद नव्हती. चर्चच्या आवारात, नणंदेच्या दारात, थोरल्या मुलीच्या शाळेपुढं. बुडवली हिनं. ते वाक्य तिच्या अंगावर सुरकुतीसारखं पडून गेलं होतं. आपल्याला सुरकुती आहे हे माणूस रोज आरशात बघतो आणि तरीही बघत नाही. पण आज वास आधी आला होता. किल्ली नंतर. पाय तर आलाच नव्हता. राग लगेच आला नाही. आधी जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं झालं. घरी पोचून तिनं कोबी ओट्यावर ठेवला, पानं सोडवायला पाणी चढवलं, आणि पाण्याला आधण येईपर्यंत ती ओट्याला धरून उभी राहिली.

इलोना काचेच्या कारखान्यात तपासणीला होती. एकवीस वर्षं. पट्ट्यावरून बरण्या येत, मागून पांढरा उजेड, आणि तिनं बुडबुडा, खडा, चीर, जे काही असेल ते बघायचं. नवीन बायकांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची: एका बरणीत बुडबुडा असला तर तो बुडबुडा आहे, पण येणाऱ्या प्रत्येक बरणीत त्याच जागी असला तर बरणीकडे बघू नका, साच्याकडे जा. हे ती इतक्या सहज सांगायची. आणि घरच्या दारात उभी असलेली गाडी, जी थंड असताना एका फिरकीत सुरू व्हायची आणि गरम करून दहा-वीस मिनिटं उभी केली की कधीच नाही, प्रत्येक वेळी तसंच, प्रत्येक वेळी त्याच जागी, त्या गाडीकडे मात्र तिनं तपासणारीच्या डोळ्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. कारण गाडी व्हर्नची होती. चालवायची तिनं, कारण व्हर्न कामावर दुसऱ्यांच्या गाडीतून जायचा. पण तिचं झाकण उघडायचं व्हर्ननं. गल्लीतले पुरुष रविवारी आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे, तो डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि एक बोट वर करायचा, जणू डॉक्टर. त्या बोटाचा तिला अभिमान वाटायचा. हे आठवलं आणि मग राग आला. आधी स्वतःचाच.

पाणी उकळलं, ती पानं सोडवत राहिली, आणि सोडवता सोडवता ती ऑक्टोबरच्या त्या मंगळवारात शिरली, जिथं ती सात वर्षं जायचं टाळत होती. कारखान्यात फोन आला होता. नदीपलीकडच्या हॉस्पिटलातून, की आईचं आता काही तासांचं आहे, या. आईनं आठवडाभर एकच धरलं होतं की फादर हेगेदूश हवेत, कारण मरणाऱ्याला शेवटचं तेल लावून मायदेशाच्या भाषेत प्रार्थना म्हणणारे धर्मगुरू तेवढेच उरले होते. आईला साठ वर्षं इथं राहून इंग्रजी यायची ती दुकानापुरती. म्हणून इलोना आधी फादरच्या घरी गेली. फादर सूप पीत होते, पायात सपाता. त्यांनी बूट शोधले, तेलाची डबी शोधली, चष्मा शोधला. बारा मिनिटं. बाहेर आले, गाडीत बसले, ती छोटी काळी पेटी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली नाही. चाळीस मिनिटं सुरू झाली नाही. शेवटी चर्चच्या राखणदाराला गाठून त्याच्या ट्रकमधून ते पूल ओलांडून गेले, आणि आईच्या खोलीत पोचले तेव्हा आई गेली होती, नर्सनं खिडकी उघडलेली होती. मातीनंतर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये जेवणं झाली. व्हर्नच्या भावानं विचारलं, "पण गाडीला झालं काय?" आणि व्हर्न काटा हातात धरून, दुःखी चेहऱ्यानं, हो, चेहरा दुःखीच होता, म्हणाला, "घाबरली बिचारी. घाबरली की पाय मारते. बुडवली." सगळ्यांनी तिच्याकडे मायेनं बघितलं. कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं ते कायमचं पक्कं झालं: आई एकटी मेली, कारण इलोनाला धीर नव्हता. पुढच्या शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर हेगेदूशच होते, त्यांना आवाज ओळखू येत होता, तिलाही. "मी उतावीळपणा केला, फादर. त्यामुळे आई तशीच गेली." ते म्हणाले, "देवानं तुला क्षमा केली आहे, मुली." त्यांनी सांगितलेल्या प्रार्थना तिनं गुडघ्यांवर म्हटल्या. घरी गेली. झोपली. झोप लागली होती, हे तिला आता आठवलं, आणि कोबीचं पान तिच्या हातात फाटलं. क्षमा. न केलेल्या गोष्टीची क्षमा तिनं हात जोडून मागून घेतली होती, आणि वर हलकं वाटलं म्हणून देवाचे आभारही मानले होते.

पण न केलेली, हे तरी कशावरून? तपासणारीनं आधी स्वतःची बरणी उजेडात धरायला हवी. पाय मारला होता का त्या दिवशी? मारला होता. वेड्यासारखा मारला होता, नंतर. दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी. पण पहिल्या फिरकीला? ती डोळे मिटून त्या गाडीत परत बसली. फादर बसतात. पेटी मांडीवर. दार लागतं. आणि फादर, किल्लीला तिचा हात लागायच्या आधी, आपल्या बाजूची काच गरागरा खाली करतात आणि नाक मुरडून म्हणतात, "पेट्रोल सांडलंय का गं कुठं?" हे तिला सात वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ते कुठं गेलं नव्हतं, तिथंच होतं, पट्ट्यावरून दर वेळी तिच्यासमोरून जात होतं, आणि तिनं दर वेळी पास केलं होतं.

शनिवारी सकाळी तिनं व्हर्नच्या हत्यारांची पेटी ओढत अंगणात आणली. वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक गाडीच्या छपरावर उघडं ठेवलं आणि वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर पाना ठेवला. व्हर्न स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची लावून बसला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. "काय चाललंय?" तो म्हणाला. "बघतेय." "काय बघतेस?" "गाडी." तो हसला. "अगं, त्या गाडीत बघण्यासारखं काही नाही. गुडघा बरा झाला की मी बघतो ना. उगाच काहीतरी उलटंसुलटं करून ठेवशील, मग मलाच निस्तरायला लागेल." थंड गाडी एका फिरकीत सुरू झाली. तिनं वीस मिनिटं ती तशीच चालू ठेवली, काटा मध्यावर येईपर्यंत. मग बंद केली, एअर फिल्टरचं मोठं गोल झाकण काढलं, आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या घशात टॉर्च धरला. वरची, हवा अडवणारी चोकची पट्टी सरळ उभी, उघडी. म्हणजे चोक अडकलेला नव्हता. तिनं घाई केली नाही. एक प्लग काढला. तो काजळीनं काळा आणि ओला होता. त्याला वायर लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला, आतल्या खिडकीकडे न बघता म्हणाली, "किल्ली फिरवायला कुणी आहे का?" व्हर्न म्हणाला, "मी कसा येणार?" मग ती शेजारच्या मिसेस कोप्लिनला हाक मारून आली. म्हातारी एप्रनला हात पुसत आली, किल्ली फिरवली, आणि प्लगच्या टोकाला निळी, जाड, चटचटणारी ठिणगी पडली. "म्हणजे वीज ठीक आहे," इलोना म्हणाली. मिसेस कोप्लिन म्हणाली, "बरं झालं बाई," आणि निघून गेली.

मग ती वाट बघत उभी राहिली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. इंजिन बंद होतं, गार होताना धातू टिकटिक वाजत होता. टॉर्चच्या उजेडात, घशाच्या मधोमध, पितळी नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला. फुगला. पडला. खालच्या गरम पत्र्यावर पडून चर्र झालं. मग दुसरा. इंजिन बंद, पेडलवर कुणी नाही, गाडीत कुणीच नाही, आणि पेट्रोल आपलं आपण, थेंबाथेंबानं, इंजिनात गळत होतं. तो वास वर आला. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. आपण मोजतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती सत्तरावर होती. खिडकीतून व्हर्न म्हणाला, "सापडलं का काही, बाईसाहेब?" "ये बघायला," ती म्हणाली. "मला उठता येत नाही, माहितीये ना तुला." "मग गप्प बस." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि हे दोन शब्द तिनं त्याला पहिल्यांदाच एकत्र म्हटले होते. खिडकी खरंच गप्प बसली.

कार्बोरेटरचं वरचं झाकण काढायला तिला तासभर लागला. पुस्तकात चित्र होतं: आत पेट्रोलची एक लहानशी वाटी, वाटीत तरंगणारा एक ठोकळा, फ्लोट म्हणतात त्याला, आणि ठोकळ्याच्या टोकाला एक सुई. पेट्रोल भरलं की ठोकळा वर येतो, सुई वाट बंद करते. संडासच्या टाकीतल्या फुग्यासारखंच. ठोकळा जड झाला, की तो बुडतो, सुई वाट बंद करत नाही, आणि वाटी काठोकाठ भरते. मग इंजिन तापलेलं असताना बंद केलं की उष्णतेनं ते पेट्रोल उतू जातं. फ्लोट तपकिरी होता, कडक फेसाचा, बोटभर लांब. तिनं त्यात नख रोवलं. नखाच्या खुणेतून पेट्रोल पाझरलं. जखमेतून पाणी यावं तसं, हळूहळू. पण त्याच वेळी तिला दुसरं काहीतरी दिसलं, आणि ते तिला नको होतं. गाडी अठरा वर्षांची होती, फ्लोट अठरा वर्षांचा, काळवंडलेला. पण सुई त्यामानानं नवी होती. झाकणाखालचा कागदी पट्टाही नंतर बसवलेला होता, निळा, कडा धारदार. आणि फ्लोटचा पातळ दांडा एका जागी वाकवलेला होता. पक्कडीचे दात उमटलेले. कुणीतरी इथं आलं होतं. कुणीतरी हाच दोष बघितला होता आणि दांडा वाकवून त्याला जरा दाबला होता.

तिनं फ्लोट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि तीन गल्ल्या चालत नॉर्बर्टच्या दुकानात गेली. नॉर्बर्ट गाड्यांचे सुटे भाग विकायचा. काउंटरमागं अशी काही वाकून उभी असलेली माणसं असतात ज्यांना कुणी कधी दुसरीकडं बघितलेलंच नसतं. त्यानं बरणी उजेडाकडे धरली. "हा व्हर्नच्या गाडीतला ना?" तो म्हणाला. "अजून हाच आहे?" त्यानं आतून नवीन फ्लोट आणला, पत्रं तोलायच्या छोट्या काट्यावर आधी नवा ठेवला, मग जुना. काटा सरळ दीडपट पुढे गेला. "बघ. पेट्रोल पितो हा. या फेसाच्या फ्लोटना हीच खोड. मी तेव्हाच म्हटलं होतं त्याला, की सुई बदलतोयस तर फ्लोटही घेऊन जा. म्हणाला, नको, दांडा वाकवून भागवतो." इलोना म्हणाली, "तेव्हा म्हणजे कधी?" "झाली की सहा-सात वर्षं. लक्षात आहे, कारण तुझ्या आईचं नुकतंच झालं होतं, मी त्याला म्हटलं, इलोनाला सांग, वाईट वाटलं." तो थांबला. "सांगितलं नाही का त्यानं?" "सांगितलं असेल," ती म्हणाली. तिनं नवा फ्लोट कोटाच्या खिशात घातला. परत येताना ती चालत होती आणि खिशातल्या खिशात त्याला बोटांनी दाबत होती. तो इतका हलका होता की हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. आणि प्रत्येक पावलाला तिच्या आत एकच गोष्ट आदळत होती. पाय दोषी असता तर सुई कशाला बदलली? माझा पाय वाकवायचा होता ना मग, व्हर्न. पक्कड घेऊन.

तो खिडकीशीच बसला होता, पुढ्यात कॉफी. तिनं जुना फ्लोट त्याच्या बशीत ठेवला. तपकिरी ओल बशीभर पसरली. त्यानं बघितलं. ज्या माणसाला बघताक्षणी कळतं त्याला बघताक्षणी कळलं, आणि तरीही तो म्हणाला, "हे काय?" "तू कार्बोरेटर उघडला होतास. आईला पुरून आल्यावर." "साफ करायला उघडला होता." "सुई बदललीस." "जुनी झाली की बदलतात." "दांडा वाकवलास, व्हर्न." तो कॉफीचा कप उचलायला गेला आणि कप नुसता धरून राहिला. अंगणात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. "बरं, मग," तो शेवटी म्हणाला, "मला शंका आली होती. नुसती शंका. खात्री नव्हती. फ्लोट बघितला तर थोडा खाली बसलेला होता. म्हटलं, असेल, नसेलही. तू पाय मारतेस हेही खरंच आहे ना?" "आणि मला सांगितलं नाहीस." "काय सांगायचं? आई तर गेलीच होती. सांगून ती काय उठून बसणार होती? तू जाऊन आली होतीस फादरकडे. तुझं मन शांत झालं होतं. मी कशाला परत उकरून काढू?" ती म्हणाली, "माझं मन कशानं शांत झालं होतं ते माहितीये तुला?" त्यानं बशी जरा दूर सरकवली. "आणि त्यानंतर सात वर्षं? या मंगळवारी, त्या ट्रकवाल्यापुढं? त्यालाही सांगायची गरज होती?" "सवयीनं बोलून गेलो," व्हर्न म्हणाला, आणि मग, अचानक चिडून, कारण कोपऱ्यात सापडलेला माणूस चिडतोच, "गल्लीतला प्रत्येक माणूस गाडी घेऊन माझ्याकडे येतो, इलोना. प्रत्येक. आणि माझ्याच घरातली गाडी, त्या दिवशी, त्याच दिवशी. मी कुठं तोंड दाखवणार होतो? तू सोसलंस. तू सोसू शकतेस. मला नसतं झेपलं." तो हे खरं बोलत होता. तेच असह्य होतं. त्यानं आपलं ओझं उचलून बघितलं होतं, जड आहे म्हणून तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि वरून ती चालताना कशी डुलते यावर लोकांना हसवत होता. तिला वाटलं, बशी उचलून भिंतीवर मारावी. तिनं बशी उचलली, मोरीत धुतली, फडक्यानं पुसली, कपाटात जागेवर ठेवली. बशी वाजली नाही.

नवा फ्लोट बसवून, उंची पुस्तकाप्रमाणं पट्टीनं मोजून, झाकण लावून होईतो तीन वाजले. ती आत आली, नखांत काळं, कोपरापर्यंत पेट्रोल. "कोट घाल." "कुठं?" "गाडी बघायचीय." तो घोटाळला, पण उठला, काठी घेतली, कुरकुरत पायऱ्या उतरला, कण्हत सीटवर बसला आणि पाय आत घेतला. तिनं मदत केली नाही. गाडी सुरू झाली. कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन ती वळली, आणि तिथून फादरच्या घराकडे. फादर हेगेदूश जाऊन दोन वर्षं झाली होती; आता तिथं कुणी तरुण होता, खिडक्यांना नवे पडदे. तिनं इंजिन बंद केलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. व्हर्न दोन मिनिटं बसला, मग म्हणाला, "इथं कशाला?" आणि मग त्याला कळलं, आणि तो समोर बघू लागला. बारा मिनिटं. वास आला नाही. तिनं पाय चटईवर ठेवला, त्याला दिसेल असा, आणि किल्ली फिरवली. इंजिन एका फिरकीत लागलं. इतकं सोपं होतं. तिला वाटलं होतं, लागलं की बरं वाटेल. पण ते लागलं आणि तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, कारण ते लागू शकत होतं. त्या दिवशीही. बोटभर फेसाचा तुकडा. पुलावर उन्हं तिरपी झाली होती, खाली नदी मातकट, आणि ती हॉस्पिटलच्या आवारात शिरली तेव्हा फादरच्या दारापासून नऊ मिनिटं झाली होती. तिनं तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोर गाडी लावली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मुठीत घेतली.

"झालं ना आता," व्हर्न म्हणाला, "चालतेय गाडी. चल घरी." "बस." "किती वेळ?" "चाळीस मिनिटं." तो हसायला गेला, हसू अर्ध्यात राहिलं. पहिली दहा मिनिटं तो चिडलेला होता. म्हणाला, हा पोरखेळ आहे, लोक काय म्हणतील, मी गोळी घेतलेली नाही. पुढची दहा मिनिटं तो गुडघ्याबद्दल बोलला, आणि गुडघा खरंच दुखत होता, कपाळावर घाम आला होता. तिला दिसत होतं, आणि ती पुढच्या काचेतून खिडक्या मोजत होती. लोक फुलं घेऊन जात होते, रिकाम्या हातांनी येत होते. अर्धा तास होत आला तेव्हा तो खूप हळू, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला पहिल्याच रात्री वाटलं होतं. तू फादरनी काच खाली केल्याचं सांगितलंस ना, तेव्हाच." म्हणजे तिनं सांगितलं होतं. ती विसरली होती, आणि तो नव्हता. तिच्या हातातली किल्ली तळव्यात रुतली. तिला वाटलं होतं, रागाला कुठंतरी तळ असेल.

मग ती बोलली, आणि तिला स्वतःलाच आपला आवाज कामावरचा वाटला, सपाट, एकेक दोष वाचून दाखवणारा. "नर्सनं मला एक गोष्ट सांगितली होती. मी कुणालाच सांगितली नाही. फादरनाही नाही. ती म्हणाली, शेवटी पाव तास आई एकच शब्द म्हणत होती. पुन्हा पुन्हा. आमच्या भाषेत. नर्सला कळेना, तिनं दुसरीला बोलावलं, तिलाही कळेना." व्हर्ननं तिच्याकडे मान वळवली. "कुठला शब्द?" "नर्सनं मला म्हणून दाखवला. दोनदा. तिला जमला नाही. तिनं म्हटला तसा आमच्या भाषेत कुठलाच शब्द नाही." "तुझं नाव असेल," व्हर्न म्हणाला. "माझं नाव नर्सला माहीत होतं. माझं नाव नव्हतं." तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी एक खिडकी बंद केली. "मग काय म्हणत असेल गं ती?" त्यानं विचारलं, आणि हे तिला अठ्ठावीस वर्षांत त्यानं उत्तर माहीत नसताना विचारलेलं पहिलंच काहीतरी वाटलं.

"पाणी म्हणत असेल," इलोना म्हणाली. "पाय चेप म्हणत असेल. मला कसं कळणार, व्हर्न? मी तिथं नव्हते."

चाळीसला अजून सहा मिनिटं होती. ती बसून राहिली.